वाट बघण्याची परीक्षा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. म्हणणारच! समोरच्याचं वाक्य अर्धं होतं न होतं, तोच उरलेलं ही सांगून मोकळी. ती स्पीच थेरपी शिकायला निघाली तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "बरंय, बडबडीचा पगार तरी मिळेल."

पण त्या जिभेनंच घात केला. मी तिची मावशी आणि तिच्या हॉस्पिटलचीही मावशीच. पेशंटची ने-आण माझ्याकडे. त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. शेवटच्या प्रॅक्टिकलला एक आजी हातातल्या चमच्याचं नाव आठवत होत्या. ओठ हलायलाही लागले होते, तेवढ्यात आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "चमचा!" परीक्षक सर म्हणाले, "तुम्हाला शब्द येतो हे कळलं. आजींना येतो का, ते राहूनच गेलं." नापास! आता एकच संधी होती. ती हुकली की चार वर्षं पाण्यात. बाबांनी कापडाच्या दुकानात तिची खुर्ची तयारच ठेवली होती.

महिनाभर ती माझ्याकडे राहिली. माझं बोलणं थांबलं तरी ओठ मिटून मनात वीस मोजायची आणि मगच तोंड उघडायची. वैताग नुसता! "अगं, दातखीळ बसली का तुझी?" म्हणून मी एकदा ओरडलेसुद्धा.

परीक्षेला पेशंट आले शिंपीकाका. अर्धांगवायूनं चार महिने वाचा गेलेली. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. त्यांची खुर्ची मीच ढकलत आणली आणि दाराशी उभी राहिले. त्यांची मुलगी शेजारी बसली. भाचीनं टेबलावर वॉर्डातली कात्री ठेवली. "काका, हिच्याबद्दल काहीतरी सांगा," म्हणाली आणि गप्प.

काकांनी डाव्या हातानं कात्री उचलली. ओठ हलले, आवाज नाही. मुलीला राहवेना. "कात्..." म्हणेपर्यंत भाचीनं हात वर करून तिला थांबवलं. सर पेन धरून बघत होते. माझ्याही जिभेवर ‘कात्री’ नाचत होती. म्हटलं, बोल गं बाई काहीतरी, गेली तुझी चार वर्षं! पोरीच्या कपाळावर घाम आला, पण ती काकांकडे बघत राहिली.

काकांनी पात्यावरून अंगठा फिरवला. तोंड वाकडं केलं.

"बो... बो..."

ती तरीही गप्पच.

"बोथट!"

अहो, कात्री नाही, बोथट! चाळीस वर्षं कापड कापलेल्या माणसाच्या तोंडात आम्ही सगळे ‘कात्री’ कोंबायला निघालो होतो! त्यांच्या मुलीला रडूच फुटलं. "बाबा, परत म्हणा ना!" काका चिडले. "बोथट! धार... लावा!"

"मीसुद्धा ‘कात्री’च धरून बसलो होतो," सर म्हणाले आणि कागदावर सही केली. पास!

मी धावत जाऊन पोरीला मिठी मारली. नियमात बसत नसेल तर नसू दे! आनंदानं मला काही सुचत नव्हतं. पण तिनं मला हळूच बाजूला केलं.

"थांब ना मावशी, काकांचं बोलणं अजून संपलेलं नाही."