तिसरी बॅग

माझा धाकटा भाऊ आधी बोटीवर होता, मग अमेरिकेतल्या एका बंदरावर नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि भावजय, दोघंच. दर दोन वर्षांनी शिमग्याला रत्नागिरीला यायचा तो बॅगांचा ढीग घेऊनच. बाबा ओटीवर बसून बॅगा मोजायचे आणि हसायचे, "दुकान घालतोस काय रे?"

त्या हिवाळ्यात त्याने हट्टाने मला तिकडे बोलावून घेतलं. परतीला आम्ही तिघं एकत्रच येणार होतो. तिकिटं त्यानेच काढली, विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डावर. त्या कार्डाचं त्याला फार कौतुक. "ताई, प्रत्येकी एक जादा बॅग फुकट. बाबांसाठी काय न्यायचं ते ने, वजनाची चिंता करू नकोस."

निघायच्या पाच दिवस आधी तो सकाळी दारातला बर्फ काढायला खाली उतरला आणि तिथेच पडला. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

बाबांना फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांची नव्वदी जवळ आलेली, घरात रात्री सोबतीला शेजारीण. "तो आजारी आहे," एवढंच मी म्हटलं. बाकीचं समोर बसून सांगायचं ठरवलं.

त्याच तिकिटांवर आम्ही दोघी निघालो. एकेक बॅग तिकिटातच होती. तिसरी बॅग त्याची. त्याचे कपडे, दाढीचं सामान, बोटीवरचा जुना बॉयलर सूट, शिमग्यासाठी घेतलेला पांढरा सदरा. भावजयीने ती एकटीने भरली, खोलीचं दार लावून. अस्थींची पेटी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

काउंटरवरच्या मुलीने दोन बॅगा घेतल्या आणि तिसरीला हात लावून थांबली. भावजयीने कार्डाचं सांगितलं. मुलीने पडद्यावर पाहिलं.

"तिकीट त्या कंपनीचं आहे, पण विमान आमचं आहे. त्यांच्या कार्डाची सवलत त्यांच्याच विमानात चालते."

"तिकिटावर तर त्यांचाच नंबर आहे," मी म्हटलं.

"हो. विकतात ते, उडवतो आम्ही. शिवाय सवलतीसाठी कार्डधारक सोबत लागतात. ते आले आहेत का?"

भावजयीने खांद्यावरची पिशवी पोटाशी ओढून घेतली. मग मीच सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. तिने वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ बोलली आणि मान हलवत म्हणाली, "माफ करा. पैसे भरावे लागतील."

पैसे होते, पण रोख. रोख ते घेत नव्हते. भावजयीचं कार्ड भावाच्याच खात्यावरचं. तिने नियमाप्रमाणे बँकेला कळवलं होतं, म्हणून बँकेने तेही बंद केलेलं. माझं कार्ड भारताबाहेर चालेना. मागे रांग वाढत होती.

"माझी बॅग उघडू," मी म्हटलं. "माझं सगळं काढून टाकते, त्याचं त्यात भरू."

मी खाली बसून त्याच्या बॅगेच्या चेनला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

"नको ताई. इथे नको. या लोकांसमोर त्याचे कपडे बाहेर काढायचे नाहीत मला."

"अगं, पण..."

"राहू दे."

तिने बॅग उचलून बाजूच्या खांबाला टेकवली, हँडल नीट आत सरकवलं आणि चालू लागली. मी मागे वळून पाहिलं, तेव्हा एक गणवेशातला माणूस बॅगेपाशी येऊन उभा होता.

मुंबईत उतरून आम्ही रत्नागिरीला गाडी केली. घर आलं. बाबा ओटीवर बसले होते. ड्रायव्हरने बॅगा खाली ठेवल्या. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीच्या उघड्या दाराकडे.

"दोनच? मग तो मागसून येतोय काय गो, सामान घेऊन?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. ते रडले नाहीत. बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "त्याचा एखादा सदरा द्या मला. उशाशी ठेवीन."

भावजय दारात उभी होती. "मी सगळं तिथेच टाकून आले, बाबा."

मी मध्ये पडून कंपन्यांचं, कार्डाचं, रांगेचं सगळं सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे विमान दुसऱ्याचं होतं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यानंतर ते तिच्याशी कधी वाईट वागले नाहीत, पण आपणहून बोललेही नाहीत. तेराव्यानंतर ती परत गेली.

तिकडून तिने दोन्ही कंपन्यांना लिहिलं. विमान ज्यांचं त्यांनी सापडलेल्या सामानाच्या खात्याकडे बोट दाखवलं. त्या खात्याकडे नोंद नव्हती. कार्ड ज्यांचं त्यांनी दुःख व्यक्त करून कळवलं, की खातेदाराच्या मृत्यूमुळे कार्डावर जमा झालेले फुकट प्रवासाचे मैल रद्द करण्यात आले आहेत. तिने फोनवर मला ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

ते आत झोपले होते. हल्ली ते दिवसाही झोपूनच असतात आणि जेवायला उठवलं की आधी विचारतात, कोण आलंय.