आधी सत्कार

गेल्या रविवारी दुपारी पुण्याच्या विमानतळावर एक अफगाण निर्वासित कुटुंब एकत्र आलं. बायको बाहेर आली. नवऱ्याने देश सोडल्यानंतर जन्मलेली मुलगी तिच्या कडेवर होती. नवरा धावला. त्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी त्याचा दंड धरला.

"अरे रुको, भाईसाहब! अध्यक्षसाहेब आ रहे है. पहले सत्कार, बाद में तुम्हारा."

तिकिटं संस्थेने काढली होती, राहायला खोलीही संस्थेनेच दिली होती. तो थांबला. आपल्याकडे मदत शाल-श्रीफळाशिवाय पुरी होत नाही. भुकेल्याच्या पानावरही आधी देणाऱ्याचं नाव वाढलं जातं.

अध्यक्ष आले. त्यांनी आईच्या खांद्यावर शाल टाकली, मुलीच्या हातात नारळ दिला आणि वाकून तिचा गालगुच्चा घेतला. मुलीने आईला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय छकुली?"

"हेच माझे बाबा का, असं विचारतेय," दुभाषी म्हणाला.

अध्यक्ष खूश झाले. "अहो, बापासारखाच की मी! घ्या, घ्या फोटो!"

फोटो निघाल्यावर सचिवांनी दंड सोडला.

संस्थेच्या पत्रकासोबत आलेल्या फोटोत वडील नाहीत.