मान हलवली, ती कशाला?

कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे 'डॉक्टर' म्हणत. त्यांनी नुसता हात लावला तरी मशीन घाबरून सुरू होतं, अशी पोरांची थट्टा. घरचा कॉम्प्युटर मात्र महिनाभर कुरकुरत होता. लिनक्सवर चालणारं जुनं मशीन. मधूनच पडद्यावर हिरवे चौकोन उठत, चित्र फाटल्यासारखं होई. मिनिटभरात पुन्हा सगळं ठीक. "बघू रविवारी," म्हणत तीन रविवार गेले.

त्याच पडद्यावर ते आक्काशी बोलत. थोरली बहीण, जन्मापासून बहिरी, आता दूरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. लहानपणी दोघांनी हातांची भाषा बनवली होती. आईवडील गेल्यावर ती कळणारी दोघंच उरली. मोबाइलवर बोटं नीट दिसत नसत, म्हणून कॉम्प्युटर.

त्या मंगळवारी आक्का बराच वेळ काही सांगत होती. ऐन मोक्याला चित्र फाटलं. हात कोपरापर्यंत दिसत होते, पुढे नुसते चौकोन. चित्र जुळलं तेव्हा ती उत्तराची वाट बघत होती. दमली होती. पुन्हा सांग म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती हसली.

मग ते हात धुऊन मशीनच्या मागे लागले. केबल बदलली, शेजाऱ्यांचा मॉनिटर लावून पाहिला, चौकोन तसेच. मशीनच्या नोंदी वाचल्या तेव्हा कळलं, व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं की तिथला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, अडखळतोय. ते काम कार्डाकडून काढून घेतलं. एक सेटिंग, बस्स.

"झालं का?" बायकोनं विचारलं.

"झालं. दोन मिनिटांचं होतं गं..."

शुक्रवारी चित्र लख्ख दिसलं. आक्काचे हात चादरीवर पडून होते.

"कालपासून उचलतच नाहीत," तिची देखभाल करणाऱ्या मावशी म्हणाल्या.

काय म्हणालीस त्या दिवशी? डॉक्टर पुन्हापुन्हा खुणा करत राहिले. ती नुसती बघत राहिली. सोमवारी गेली.

सामान आणायला गेले तेव्हा त्यांनी मावशींना विचारलं, "मंगळवारी ती काय सांगत होती, कळलं का हो तुम्हाला?"

"मला कुठलं कळायला? पण तुम्ही हो म्हणालात ना, त्या दिवशी पोटभर जेवली बघा."

परतताना बसमध्ये त्यांनी पिशवीतली एकेक वस्तू मांडीवर काढली. चष्मा, कंगवा, दोन शाली, औषधांची चिठ्ठी. शालींच्या घड्यासुद्धा उलगडून पाहिल्या. कशातच काही नव्हतं.