सुनंदाताईंची सही

कोणतीही नवी डिस्क आली, की सुनंदाताई ती सर्व्हरला लावायच्या, तिच्यावर खोट्या रुग्णांच्या नोंदी लिहायला सोडायच्या आणि लिहिणं ऐन भरात आलं की खसकन विजेची वायर उपटायच्या. पुरवठादाराचा जीव वरखाली व्हायचा. "अहो मॅडम, बिघडेल ना!"

"बिघडू दे की. खरे पेशंट यायच्या आधी बिघडलेली बरी."

चौक गावच्या एका इस्पितळात ताई सर्व्हर सांभाळायच्या आणि मी खरेदी बघायचो. त्या कडाव गावच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. नोकरी करारावरची, दरवर्षी नव्याने मिळायची. पण बाईंनी कुणापुढे मान तुकवली असेल तर शपथ!

नवी इमारत सुरू व्हायची होती आणि तिच्या सर्व्हरला बोटाएवढ्या लांब, चपट्या डिस्क हव्या होत्या. घोळ मी घातला. खोक्यावरच्या वेगाला भुललो आणि लॅपटॉपच्या आखूड डिस्क मागवल्या. ताईंनी एक उलटसुलट करून पाहिली.

"अरं दिलीप, पळंल ही जोरात, पण हिला दम नाय रं. लाईट गेली तर हातातलं लिहून पुरं करायला क्षणभर ताकद लागते. सर्व्हरच्या लांब डिस्कवर त्यासाठी वीज साठवायच्या बारक्या टाक्या असतात. हिच्यात कुठं हायत?"

"यूपीएस आहे की."

"आणि तो काय अमर हाय?"

मॅनेजर साहेब तणतणत आले. उद्घाटन सोमवारी होतं. "माल मंजूर म्हणून सही करा, नाहीतर पुढच्या कराराचं मला बघावं लागेल." ताईंनी त्यांच्यादेखत वायर उपटली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तेव्हा शेवटचे अकरा रुग्ण गायब होते. 'नोंद झाली' असं पडद्यावर दाखवून गायब!

"खोटी नावं आहेत ही," साहेब म्हणाले.

"आज खोटी हायत. उद्या त्यात तुमच्या आईचा रक्तगट असंल. तवा काय सांगाल?"

आणि ताईंनी मंजुरीच्या फॉर्मवर ठसठशीत अक्षरात 'नामंजूर' लिहून सही ठोकली.

ताईंचा करार त्याच आठवड्यात संपत होता, तो वाढला नाही. मला साहेबांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या निघाल्या तेव्हा मी तोंड लपवत होतो, तर बाई मलाच ओरडल्या, "रडतोस काय रं? मी काय चोरी करून चाललेय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोच फॉर्म कोरा करकरीत माझ्यापुढे सरकवला. "माल तुम्ही मागवलात, तुम्हीच घ्या मंजूर करून." मी 'नामंजूर' लिहून सही केली.

"तुमचाही करारच आहे ना?"

"हो, आहे," मी म्हणालो आणि उठलो.

दोन-दोन नकारांवर तिसरी सही करायला कुणी धजावेना. उद्घाटन पुढे गेलं, लांब डिस्क आल्या. ताईंना मात्र कुणी परत बोलावलं नाही. रुग्णांच्या माहितीबाबत आम्ही तडजोड करत नाही, असं साहेब उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, तेव्हा सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मी हाताची घडी घालून, त्यांच्याकडे बघत, पहिल्या रांगेत बसून राहिलो.