शेजारच्या सीटवर कोण बसतं

गॅरेज भाच्याचं होतं, पण गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की पहिला प्रश्न असायचा, "आत्या आहेत का?" भाचा तिला आत्या म्हणायचा म्हणून कामगार म्हणू लागले, कामगारांचं ऐकून गिऱ्हाईकं, आणि शेवटी समोरचा टायरवालासुद्धा. तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता. तिने हरकत घेतली नाही. एवढा मोठा गोतावळा आयता मिळाला तर कोण नको म्हणेल, असं ती म्हणायची.

आत्या गाड्यांच्या वायरिंगचं काम बघायची. त्याआधी बावीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. भिंतभर उंच चौकटी, त्यांत रंगीबेरंगी वायरींचे झुबके, आणि त्यांतली नेमकी कुठली जोडी मुकी झाली आहे ते शोधायचं. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. दोन महिने ती घरात बसून राहिली. तिसऱ्या महिन्यात भाऊ येऊन म्हणाला, "गाड्यांत आता इंजिनापेक्षा वायरी जास्त झाल्यात. माझी पोरं हात टेकून बसलीत. तू ये." ती गेली, आणि चौदा वर्षं झाली तरी तिथेच होती. मधल्या काळात भावाने गॅरेज मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः आराम पत्करला.

एक्स्चेंजमधली एक सवय तिने सोबत आणली होती. बिघाड कुठे आहे ते कळेपर्यंत ती काही बदलायची नाही. भाच्याचा स्वभाव उलटा होता. संशय आला की पार्ट काढायचा, नवा घालायचा, गाडी बाहेर. दहातल्या आठ वेळा त्याचं बरोबर निघायचं, त्यामुळे त्याला काही बोलायचीही सोय नव्हती.

केमिस्टची गाडी ही उरलेल्या दोनांतली होती.

केमिस्ट म्हणजे दोन चौक सोडून पुढे औषधांचं दुकान होतं त्याचा मालक. पन्नाशीचा, शांत, नीटनेटका माणूस. शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागत होता. गाडीचं छोटं चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. गाडी घसरायला लागली तर तिला सावरणारी जी यंत्रणा असते, तिचा तो दिवा. तो लागून राहिला म्हणजे यंत्रणेने अंग काढून घेतलं, आता तुमचं तुम्ही बघा.

दिवा लागायचा, गाडी बंद करून चालू केली की जायचा, आणि कधीतरी पुन्हा लागायचा. भाच्याने आधी चाकाचा सेन्सर बदलला. मग चाकांची अलाइनमेंट केली. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटर जोडला, तर त्याने दोन सीटांच्या मधोमध, जमिनीलगत बसवलेल्या एका काळ्या डबीवर बोट ठेवलं. गाडी कुठे कलते, कशी वळते ते ही डबी सांगते. भाच्याने तीही नवी घातली. चार दिवसांनी केमिस्ट परत हजर.

"दिवा लागला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण खिशातलं एक पेन काढून त्याचं टोपण उघडझाप करत राहिला.

भाचा आत्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आता यंत्रणेचं मुख्य युनिटच बदलावं लागणार. नाहीतर मशीन लावून दिवा पुसून देतो, गाडी तर नीट चालतेय."

"पुसायचा नाही," आत्या म्हणाली.

याचं कारण भाच्याला ठाऊक होतं, म्हणून तो पुढे बोलला नाही. नऊ वर्षांपूर्वी एका माणसाला विमान गाठायचं होतं. गाडीत असाच दिवा लागला होता. "मशीन लावा आणि पुसून टाका, परत आलो की सावकाश बघा," म्हणून तो मागे लागला आणि आत्याने पुसून दिला. वाटेत पाऊस लागला. वळणावर गाडी घसरली आणि दुभाजकावर गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी निभावलं. आत्या हॉस्पिटलात जाऊन त्याला स्वतःहून म्हणाली की यंत्रणा बंद होती आणि मी फक्त दिवा घालवला होता. तो म्हणाला, घाई माझीच होती. त्याने मनावर घेतलं नाही, पण तिच्या मनातून ते गेलं नाही. त्यानंतर कारण सापडल्याशिवाय तिने एकही दिवा पुसला नव्हता.

ती केमिस्टकडे वळली. "दिवा नेमका लागतो कधी?"

"कधीही लागतो."

"कधीही असं नसतं हो. सकाळी, दुपारी? वळताना, ब्रेक मारताना?"

त्याने बराच विचार केला. "सरळ रस्त्यावरसुद्धा लागतो. दोनेक किलोमीटर गेलं की. आणि कधी आठवडाभर लागत नाही."

आत्या गाडी घेऊन बाहेर पडली. मोठ्या रस्त्याने गेली, उड्डाणपुलावरून आली, गोल चौकाला चार फेऱ्या मारल्या. दिवा काही लागला नाही. परत येऊन तिने मधलं झाकण उघडलं. डबी आपल्या जागी घट्ट होती. शेजारच्या सीटखाली मात्र एक जाड लोखंडी पट्टी दिसत होती, कंपनीची नव्हे, घरी केलेली. डबी ज्या पत्र्यावर बसवली होती, त्याच्या अगदी जवळून तिची कड गेली होती, पण टेकत नव्हती. मध्ये कागद सरकेल एवढी फट होती.

"ही पट्टी कसली?"

"फिरती सीट बसवलीय," केमिस्ट म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा खुलला. "आईला पाय आत घ्यायला जड जातं. सीट दाराकडे वळते, ती बसते, मग आपण परत फिरवायची. मी स्वतः केली. तीन रविवार लागले."

त्याने सीट फिरवून दाखवली. लोण्यासारखी फिरली. आत्याने वेल्डिंगवरून बोट फिरवलं. औषधं मोजणाऱ्या माणसाचा हात वेल्डिंगला इतका बसलेला बघून तिला कौतुक वाटलं.

"पट्टी मीपण बघितली," भाचा हळूच म्हणाला. "कुठे टेकत नाहीये."

आत्याने झाकण लावलं. "उद्या या," ती केमिस्टला म्हणाली. "पण दिवा लागला की गाडी बंद करू नका. तशीच थेट इथे आणा. आणि रोज जशी चालवता तशीच आणा, गाडी रिकामी करू नका."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी आली. दिवा लागलेला होता. शेजारच्या सीटवर केमिस्टची आई बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गुडघ्यांच्या व्यायामाच्या दवाखान्यातून ती दोघं सरळ इकडे आली होती.

"आई, तू ऑफिसात बस, पंखा आहे," केमिस्ट म्हणाला.

"राहू द्या त्यांना," आत्या म्हणाली. "काकू, तुम्ही बसून राहा. मी मागे बसते. आपण एक चक्कर मारू."

हातातलं मशीन तिने गाडीला जोडलं आणि लांब वायर घेऊन मागे बसली. केमिस्ट गाडी चालवू लागला. मशीनच्या पडद्यावर आकडे हलत होते. चारही चाकांचा वेग सारखा होता. स्टिअरिंग सरळ, म्हणजे शून्य. आणि डबी सांगत होती की गाडी डाव्या अंगाला कललीय. रस्ता तर टेबलासारखा सपाट होता. चाकं म्हणतात सरळ चाललोय, स्टिअरिंग म्हणतं सरळ चाललोय, आणि डबी एकटीच म्हणते वळतोय. साक्ष जुळेना म्हणून यंत्रणा दिवा लावून मोकळी होत होती.

"बाजूला घ्या जरा," आत्या म्हणाली.

गाडी एका बंद शटरसमोर थांबली. आकडा तसाच होता. आत्या पुढे वाकून सीटच्या खाली बघू लागली, तेवढ्यात आई म्हणाली, "मी उतरते. मग बघ."

"आई, तू कशाला उतरतेस?" केमिस्ट म्हणाला.

"उतरते रे. दार उघड."

सीट फिरली, आई सावकाश उतरली आणि मुलाच्या दंडाला धरून फूटपाथवर उभी राहिली. पडद्यावरचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला.

 काच खाली करून आत्याने विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," आई म्हणाली. "मी बसले की लागतो. हा एकटा दुकानात जाऊन आला की कधी लागला म्हणत नाही. महिनाभर बघतेय मी. समोरच तर असतो दिवा, दुसरं बघायचं तरी काय."

केमिस्ट तिच्याकडे बघत राहिला. "मग बोलली का नाहीस?"

 आईने पर्सची चेन लावली, जी आधीच लागलेली होती. "बोलले असते तर तू सीट काढून टाकली असतीस. तीन रविवार जेवायलासुद्धा वेळेवर आला नाहीस त्या सीटपायी. म्हटलं, आपणच कमी जावं. दवाखान्याला काही इलाज नाही, पण बाकीचं टळतं."

"म्हणून मावशीकडे जायचं नाही म्हणालीस? मला तर म्हणालीस गुडघे दुखतात."

"गुडघे दुखतातच. ते काही खोटं नाही."

 आत्या गाडीतून उतरली आणि आईजवळ गेली.

"काकू, दोष तुमचा नाही, सीटचाही नाही. तुम्ही बसलात की पट्टी केसभर खाली वाकते आणि डबीचा पत्रा दाबते. डबीला वाटतं गाडी कलली. एवढंच आहे."

"म्हणजे मी जड आहे."

"माझा भाचा बसला असता तर दिवा फाटकातच लागला असता."

आई हसली. "मग काढावी लागेल का सीट?"

"सीट राहील. पट्टी बोटभर उचलायची."

गॅरेजमध्ये परत आल्यावर आत्याने भाच्याला सीटवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर आडवी होऊन खाली बॅटरी मारली. कागद सरकेल एवढी फट बंद झाली होती. पट्टीची कड पत्र्यावर चढली होती, आणि पत्र्यावर घासल्याची नखाएवढी चकचकीत खूण होती. भाच्यानेही सीटवरूनच वाकून बघितलं. नवी डबी घालताना तो याच पत्र्याकडे पाच मिनिटं बघत होता.

"रिकाम्या सीटखाली बघितलं मी," तो म्हणाला.

"मीपण काल रिकाम्याच सीटखाली बघितलं. आणि एकटीच फिरून आले," आत्या म्हणाली. कमीपणा वाटून घ्यायची तिला सवय नव्हती आणि दुसऱ्याला वाटू द्यायचीही.

केमिस्ट मात्र कोपऱ्यात उभा होता. "माझ्यामुळेच झालं हे सगळं," तो म्हणाला. "इतके दिवस यंत्रणा बंद, आणि तिला बसवून मी गाडी चालवतोय."

आत्याला त्याला खोटा धीर द्यायचा नव्हता. "हो, बंद होती," ती म्हणाली. "रस्ता कोरडा होता म्हणून निभावलं. काम तुम्ही चांगलं केलंय, जोड पक्का आहे. फक्त खाली काय आहे ते बघायचं राहिलं. कंपनीने झाकणाखाली काय लपवलंय हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? या इकडे, हात लावा."

पुढचे दोन तास दोघांनी मिळून काम केलं. सीट काढली. पट्टीखाली चार जाड गोल ठोकळे घातले. उंची वाढल्यामुळे जुने बोल्ट अपुरे पडत होते. केमिस्ट म्हणाला, पुरतील. आत्या म्हणाली, "पुरणार नाहीत. गाडी आपटली तर काकू या चार बोल्टांवर आहेत." तिने तशाच मजबुतीचे लांब बोल्ट मागवले आणि येईपर्यंत कोणाला सीट कसू दिली नाही. डबीचा पत्रा सरळ केला. मग गाडी सपाट फरशीवर उभी करून मशीनने डबीला तिचं शून्य पुन्हा शिकवलं.

तोवर आई ऑफिसात बसून भाच्याशी बोलत होती. त्याचं लग्न कधी झालं, मुलं किती, दुपारी नीट जेवतो का, सगळं तिने काढून घेतलं. टायरवाला काही कामाने आत आला, त्यालाही सोडलं नाही.

सगळं झाल्यावर आई पुन्हा सीटवर बसली आणि तिघं बाहेर पडली. मोठा रस्ता, उड्डाणपूल, गोल चौक. आत्या मागून आकडे बघत होती. वळणावर डबी वळली, सरळ रस्त्यावर सरळ झाली. दहा किलोमीटर झाले, पंधरा झाले. आई पूर्ण वेळ डॅशबोर्डकडे टक लावून बसली होती. सोळाव्या किलोमीटरला तिने तिथून नजर काढली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. "इथे हे एवढं मोठं दुकान कधी झालं?" तिने विचारलं.

"वर्ष झालं, आई."

"मला दिसलंच नाही."

आत्याने मशीन बंद करून मांडीवर ठेवलं. केमिस्टने आईकडे बघितलं, आणि परतीच्या रस्त्याला न वळता पुढच्या चौकापर्यंत गाडी नेली.

दिवा परत लागला नाही. पहिल्या पावसात मुद्दाम येऊन केमिस्टने गाडी तपासून घेतली, तेव्हाही सगळं ठीक होतं. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, पण चालत. हातात कागदाची गुंडाळी होती. आईच्या व्यायामाच्या दवाखान्यात येणाऱ्या एका बाईंच्या गाडीतही तशीच सीट बसवून हवी होती, आणि आईने त्याच्या वतीने होकार देऊन टाकला होता.

त्याने गुंडाळी बाकावर उलगडली. सीट, पट्टी, बोल्ट, सगळं मापासकट रेखलेलं. "भोक पाडण्याआधी विचारतो," तो म्हणाला. "या गाडीत खाली काय काय आहे?"

आत्याने हात पुसले, चष्मा लावला आणि त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. "ती गाडी उद्या घेऊन या," ती म्हणाली. "आणि त्या बाईंनाही."