फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

बी.एड. करणाऱ्याजवळ नोकरी असो नसो, किस्से पोतंभर असतात! आमच्या अमरावतीच्या कॉलेजात तर दर मंगळवारी "आदिवासी मुलांना आपलंसं कसं करावं" यावर तास असे. मी बाळापूरची, शेतकऱ्याची पोर. कोणी दोनदा "आपलंसं" म्हटलं का मले संशयच येते!

*

पहिल्याच तासाले सरांनी विचारलं, "मेळघाट कोणी कोणी पाहिला आहे?" साऱ्याईचे हात वर. सफारीले गेले होते न!

माझी रूममेट सुगंती मेळघाटातल्या सेमाडोहकडची, कोरकू आदिवासी. वर्गात तेवढी एकच. ते हळूच म्हणे, "मी बी तुमाले पाह्यलं. वाघ नाई दिसला तं जिप्सीतून आमचेच फोटो काढून राहिले होते."

*

मंग आला आदिवासी दिन. सर सुगंतीले म्हणाले, "डोक्याला पिसं लावून नाच, अस्सल वाटेल!"

"सर, आमच्याकडं पिसं फक्त कोंबडीले असतात."

सर खूप हसले. शेवटी आमच्या वर्गातला, अकोल्याच्या जुन्या शहरातला इरफान पिसं लावून नाचला. त्याले पहिलं बक्षीस भेटलं!

*

आता टाचणवहीचं सांगते. शिकवायच्या आधीच आमी वहीत लिहितो, मी काय विचारीन अन् पोरं काय उत्तर देतीन. पोराईची उत्तरं बी आमीच लिहितो! मी लिहिलं, "विद्यार्थी आनंदाने आपल्या भाषेतील शब्द सांगतील."

सुगंतीनं वाचलं. "आनंदानं? त्याईले विचारलं काय?"

"अवं, सरांनीच सांगितलं तसं लिहायले."

"मंग सरच सांगतीन शब्द."

*

सेमाडोहजवळच्या एका शाळेत आमचे सरावपाठ लागले. मी विचारलं, "पाण्याले कोरकूत काय म्हणता?" लय वेळानं सहावीतली मुन्नी पुटपुटली, "डा."

मले काय आनंद झाला! शाबासकी म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात तिचं नाव लिहिलं. तं पोरगी उठली अन् सरळ वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली!

"अवं, काहून गेली?" दुसऱ्या दिवशी मुन्नी शाळेतच आली नाई.

सुगंतीले सांगितलं, तिचा चेहराच उतरला. "कोरकू बोललं का फळ्यावर नाव, नाव आलं का बाहेर. आमच्या शाळेत तसंच होतं. मी अर्धी तिसरी बाहेर उभी राहून शिकली."

मले रडूच कोसळलं. सुगंती म्हणे, "रडू नको. शब्द शीक."

*

चार दिवसांनी मुन्नी आली. मागं बसली, माझ्या हातातल्या खडूवर नजर ठेवून. माझा शेवटचा पाठ होता, सर तपासायले येणार होते, अन् एक बी पोरगं तोंड उघडायले तयार नाई. मार्क गेले चुलीत, मले त्या पोरीनं बोलायले पाहिजे होतं!

मी जोरात म्हटलं, "कुला!" म्हणजे वाघ. सुगंतीनं माझ्याकडून घोकवून घेतलं होतं, तरी काहीतरी चुकलंच असन. पोरं फिदीफिदी हसली.

मुन्नी उठली. पुढं आली. माझ्या हातातला खडू घेतला अन् फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "मॅडम."

मी निमूट बाहेर जाऊन उभी राहिली.

मंग आतून एक पोरगा ओरडला, "सीटा!" म्हणजे कुत्रा. मुन्नीनं त्याचं नाव लिहिलं, तो उड्या मारत माझ्या बाजूले येऊन उभा राहिला. मंग दुसरा, मंग तिसरी! दहा मिनिटांत वर्ग रिकामा अन् फळा भरलेला.

तेवढ्यात सर आले, माझी टाचणवही उघडून. "हा काय प्रकार आहे? वर्गात कोणीच कसं नाही?"

मुन्नी दारात उभी होती, खडू घेऊन. तिनं सरांकडं खालून वर पाह्यलं.

"सर, तुमाले कोरकू येते काय?"