आमच्या मेसमधली अमेरिका

त्या काळी दुबईत वीज कधीही जायची, माझी जीभ मात्र कधी बंद पडली नाही. शहरातल्या देरा भागात आम्ही रत्नागिरीकडचे सात जण एका खोलीत राहायचो. शुक्रवारी नमाजनंतर एकत्र जेवण, आणि जेवणानंतर खरकटा हात वाळेपर्यंत माझं अमेरिकेवर भाषण. मी एका कंपनीत सिव्हिल इंजिनियर होतो, पण व्हिएतनामबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षाने काय करायला हवं ते मला पाठ होतं. माझा आधार म्हणजे बोटीने येणारी महिन्याची शिळी वर्तमानपत्रं. समोरचे कंटाळून हो म्हणायचे, आणि मी वाद जिंकला असं समजायचो.

अमेरिकेने परदेशी लोकांना आत घेण्याचा नवा कायदा केला तेव्हा तर मला उधाण आलं. कलमं मी मोठ्याने वाचून दाखवली. नागरिकांच्या भावाबहिणींना जागा, शिकलेल्यांना, इंजिनियरांना जागा. लगेच निकालही देऊन टाकला, "सगळं कागदावर. आपल्याला कोण दारात उभं करतंय? खलास!"

आमचा स्वयंपाक करणारे चाचा हे ऐकत होते. त्यांचा थोरला भाऊ जहाजावर खलाशी होता, तो अमेरिकेतच राहिला आणि पुढे तिथला नागरिक झाला. वीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. काही महिन्यांनी भावाने पाठवलेला फॉर्म घेऊन चाचा माझ्यासमोर बसले. माझ्या भाषणांमुळे ते मला मास्तर म्हणायचे.

"मास्तर, इंग्लिश तुमचं अच्छा आहे. जरा फिलअप करून द्या."

"चाचा, फुकट शाई जाणार."

"जाऊ दे ना. इन्शाल्ला होईल."

मी तो भरला. हा कायदा कसा नुसता देखावा आहे ते रकान्यागणिक त्यांना समजावत भरला.

दीडेक वर्षाने चाचांना मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून बोलावणं आलं. त्यांना बोटीवर सोडायला मी खाडीवर गेलो. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला माझ्या सगळ्या भाषणांची लाज वाटली. निघताना ते म्हणाले, "मास्तर, त्या कायद्यात इंजिनियर लोकांना पण जागा होती ना? तुम्हीच बोललात. मग तुमचा फॉर्म?"

अगदी साधेपणाने विचारलं त्यांनी. ते कलम माझ्यासाठीही आहे, हे तोवर मला एकदाही सुचलं नव्हतं.

"मी कायदा फक्त वाचला, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि भर दुपारी, हमालांच्या गर्दीत, मला रडू आलं.